वरच्या पायरीवरचा काँगल राजा

मी राजा बोलतोय. उठून उभं राहायची गरज नाही. माझ्यासमोर आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. लोक येतात ते हळदीकुंकू घ्यायला आणि जातात ते उसळीचा द्रोण हातात घेऊन. मधल्या वेळात माझ्याकडे नजर गेलीच तर म्हणतात, "यंदा लायटिंग छान केलंय."

माझी उंची दीड वीत. राज्य एका पायरीचं. राज्यकाल वर्षाला नऊ दिवस. बाकीचे दिवस मी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास घेत, पत्र्याच्या ट्रंकेत पडून असायचो. खऱ्या राजांचं आयुष्य याहून फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. त्यांना ट्रंक मोठी मिळते, एवढंच.

माझा जन्म म्हैसूरचा. लाकूड सरगूरकडचं, शिवणीचं. एका शेताच्या बांधावरचं झाड वाऱ्यानं पडलं, त्याचा एक ओंडका भुजंगरावांच्या कारखान्यात आला. कारखाना म्हणजे एक खोली, एक पंखा आणि कोपऱ्यात रचलेले हत्ती. भुजंगरावांनी आयुष्यभर हत्तीच केले. म्हैसूरला येणारा प्रत्येक माणूस जाताना हत्ती घेऊन जातो, आणि घरी गेल्यावर तो टीव्हीच्या मागे ठेवतो. हे भुजंगरावांना माहीत होतं. तरी ते प्रत्येक हत्तीची नखं मन लावून कोरायचे.

मीही हत्तीच झालो असतो. पण एक दिवस म्हैसुरातल्याच गोकुलम भागातून ओर्ला नावाची बाई आली. आयर्लंडची. गोकुलमला परदेशी माणसं योगवर्गाला येतात ती डोक्यावर उभं राहायला शिकतात. आपल्या गावी पायांवर उभं राहून त्यांचं काहीतरी बिघडलेलं असतं, असं भुजंगरावांचं मत होतं. ओर्लाला आपल्या म्हाताऱ्या वडिलांसाठी त्यांच्या मुलखातला एक जुना राजा कोरून हवा होता. तिनं चित्र काढून आणलं होतं. दाढी, अंगावर घोंगडीसारखं पांघरूण, खांद्याला मोठी टाचणी, आणि एक डोळा मिटलेला.

भुजंगरावांनी डोळ्यावर बोट ठेवलं. राजा काणा होता, असं ओर्लानं हातवारे करून सांगितलं. भुजंगरावांनी चित्र तिला परत दिलं. काणा देव नसतो आणि काणा राजाही नसतो. भंगलेलं लाकूड आपल्या हातून बाहेर जायचं नाही, असं त्यांनी तिला कन्नडमध्ये, मराठीत आणि शेवटी मान हलवून सांगितलं. ती बिचारी हसली आणि हो म्हणाली. त्यांनी मला दोन डोळे दिले, तेही शिंपल्याचे तुकडे बसवून. खऱ्या राजाला जे देवाने ठेवलं नाही ते मला एका सुतारानं दिलं. मी तेव्हा फार खूश झालो होतो.

ओर्ला मला न्यायला आलीच नाही. वडील आजारी पडले म्हणून ती घाईनं परत गेली. तिनं राजाची हकिगत लिहून दिलेला कागद तेवढा मागे राहिला. तो भुजंगरावांनी माझ्या बुडाला चिकटवला आणि मला हत्तींच्या रांगेत उभं केलं. दोन वर्षं मी हत्तींवर राज्य केलं. ते चांगले होते. कुणाच्या पंक्तीत कोण बसलं हे त्यांना कळत नव्हतं.

मग तुळसी आली.

तुळसी अग्रहारातली, म्हणजे ब्राह्मणांच्या जुन्या आळीतली. घरात मराठी, दारात कन्नड, आणि देवाशी दोन्ही. नवरात्राच्या आदल्या दिवशी तिनं चार दुकानं पालथी घातली होती. तिला एक राजा हवा होता. फक्त राजा.

म्हैसुरात नवरात्रात घराघरांतून पायऱ्या करून बाहुल्या मांडतात. त्यांना इथं गोंबे म्हणतात. सगळ्यांत वरच्या पायरीवर राजा-राणीची जोडी. ती जोडी मुलीला लग्नात माहेरून मिळते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालते. म्हणून दुकानात राजा-राणी जोडीनंच विकतात. एकटा राजा मागणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलेलं नव्हतं.

"एकटा आहे, अम्मा," भुजंगराव म्हणाले. "पण परगावचा आहे."

"भंगलेला नाही ना?"

"छे."

"मग चालेल."

मुलीसाठी स्थळं बघताना गोत्र, नक्षत्र, पत्रिका, आजोबांचं गाव एवढं सगळं विचारणाऱ्या बाईनं आपल्या राणीसाठी एवढा एकच प्रश्न विचारला. माझी दाढी झाकावी म्हणून तिनं मला हनुवटीपर्यंत जरीचा शेला गुंडाळला, डोक्यावर म्हैसुरी पद्धतीची पगडी, म्हणजे पेटा घातला, आणि वर नेऊन बसवलं. शेजारी तिची राणी होती. रक्तचंदनाची, काळपट, शंभर वर्षांची. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. चांगल्या घरातल्या बायका पाहत नाहीत.

आता ती एकटी का होती ते सांगतो. ऐकून हसू नका. निदान गुरुराजांसमोर तरी हसू नका.

गुरुराज म्हणजे तुळसीचे यजमान. सर्वे खात्यातून निवृत्त झालेले. रघूत्तम त्यांचा धाकटा भाऊ. तो गोकुलमला राहतो आणि कॉलेजात फिजिक्स शिकवतो. रघूत्तमच्या मुलाची मुंज होती. गुरुराजांचा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांना जमिनीवर पंक्तीत न बसवता टेबल दिलं. टेबल हात धुवायच्या नळाजवळ होतं. त्याच टेबलावर फोटोग्राफर बसला होता. आणि मुख्य म्हणजे घरातलं आईचं चांदीचं ताट पंक्तीत रघूत्तमच्या मेहुण्यासमोर मांडलं गेलं, आणि थोरल्या भावासमोर आली स्टीलची थाळी.

टेबल गुरुराजांनीच मागितलं होतं. पण ते मागितलं म्हणून द्यायचं असतं का? गुरुराज पायसाची वाट न बघता उठले.

त्यानंतर वाटणी झाली. आईच्या वस्तू समोर मांडल्या. आईची लग्नातली राजा-राणीची जोडी दोघांनाही हवी होती. गुरुराजांनी आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, कुणावर सूतभरही अन्याय केला नव्हता. त्यांनी इथंही केला नाही. राणी अग्रहारात ठेवली आणि राजा गोकुलमला पाठवला. वाटणी अचूक झाली. दोन शिकलेल्या माणसांनी शांत डोक्यानं आपल्या आईचा संसार मोडला आणि कागदावर सह्या केल्या.

अशा रीतीनं मी गादीवर आलो. दुसऱ्याच्या बायकोशेजारी, दुसऱ्याच्या आईच्या पायरीवर.

पाच नवरात्रं माझं राज्य चाललं. बायका यायच्या, मला पाहून अंदाज बांधायच्या. एकीला मी विभीषण वाटलो. एक म्हणाली, धृतराष्ट्र असेल, तोंडावर तसं दुःख आहे. गुरुराजांनी पाच वर्षांत माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. बाहुल्या हे बायकांचं खातं. पायऱ्यांसाठी पाट आणून देणं आणि प्लग चालत नाही म्हणून वायरमनला शिव्या देणं, एवढंच त्यांचं काम. तुळसीनं राजा आणलाय हे त्यांना माहीत होतं. "सायबाचा कुठलातरी" एवढंच.

माझी हकिगत घरात कळली ती यंदा, आणि तीही स्मृतीमुळे. स्मृती ही तुळसीची एकुलती मुलगी. तिचं लग्न ठरलं आहे. मुलगा निनाद, पुण्याहून इथं नोकरीला आलेल्या घरातला. त्याच्या आईनं बैठकीतच हसून विचारलं होतं, "तुमच्याकडे मुलीला राजा-राणी देतात ना? मी मैत्रिणींना सांगून ठेवलंय." तेव्हापासून तुळसीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिच्या हातात राणी होती आणि मी होतो. तिच्या माहेरी ही रीत नव्हती, घरात होती ती सासूचीच जोडी, आणि तिच्यातला राजा गोकुलमला. आजीची जोडी असताना दुकानातली नवी देण्यात अर्थ नव्हता, आणि मुलीच्या ओटीत अर्धी जोडी कशी घालणार? अन् राणीशेजारी परका राजा बसवून मुलीचा संसार सुरू करायचा, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. तिनं नवऱ्याला सांगून पाहिलं. गुरुराज म्हणाले, "मी मागणार नाही. त्यानं आणून द्यावा." तिकडे रघूत्तमचं म्हणणं, "अण्णांनी येऊन मागावा." दोन्ही भावांत एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

मला मात्र हे सगळं बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? रघूत्तमनं राजा दिला की मी पायउतार. त्यामुळे दोन्ही भावांचा अहंकार शंभर वर्षं टिको अशी प्रार्थना मी रोज आरतीच्या वेळी करायचो. समोर देवीच होती, सोय होती.

तर पहिल्या दिवशी मला वर चढवताना स्मृतीला माझ्या बुडाचा कागद दिसला. तिनं तो हलकेच सोडवून घेतला आणि पायऱ्यांसमोर बसून वाचू लागली. तिचं मराठी जेमतेम. इंग्रजी वाचायची, कन्नडमध्ये विचार करायची आणि मराठीत सांगायची.

"अम्मा, ह्याचं नाव काँगल. चौदाशे वर्षं जुना."

आयर्लंडात तेव्हा शंभरावर राजे होते, असं कागदात होतं. एकेकाचं राज्य सरगूर तालुक्याएवढं. राजवाडा म्हणजे मातीच्या बांधाच्या आत लाकडी घरं आणि गाई. श्रीमंती गाईंवर मोजायची. तिथल्या राजाची एक अट होती: राजा अव्यंग पाहिजे. काँगल मोठा राजा झाला, सगळ्या राजांत मानाची अशी जी तारा नावाची टेकडी होती तिथं बसला. आणि एक दिवस मधमाशीनं त्याच्या डोळ्याला दंश केला. डोळा गेला. टेकडीही गेली.

"मधमाशी?" तुळसी म्हणाली. "पाप, बिचारा."

"पुढं ऐक. डोनल म्हणून राजा होता, ह्याला ज्यानं लहानपणी घरी वाढवलं तो. त्याच्याकडे मोठं जेवण होतं. सगळ्या राजांसमोर चांदीचं ताट. ताटात बदकाचं…" स्मृती थांबली. नवरात्राचा पहिला दिवस, समोर कलश. "ते."

"ते काय?"

"ते गं. बदक घालतं ते."

तुळसीनं कलशाकडे पाहून दोन्ही कानांना हात लावले.

"तर सगळ्यांना चांदीच्या ताटात मोठं ते. ह्याच्यासमोर आलं तर ताट लाकडाचं झालं, आणि ते पण कोंबडीचं झालं. आपोआप. अशी गोष्ट सांगतात. हा रागानं उठला. परदेशातून सैन्य घेऊन आला. सहा दिवस लढाई. हा मेला, त्याचे सगळे मेले."

गुरुराज खुर्चीत बसून निरंजनाच्या वाती वळत होते. तुळसी त्यांच्याकडे पाहत नव्हती, पण सगळ्या अंगानं पाहत होती. स्मृतीही. मला वाटलं, गेलं माझं राज्य. चौदाशे वर्षांपूर्वीचा एक मूर्ख आपल्या मरणानं ह्या माणसाला शहाणा करणार, आणि हा उठून गोकुलमला फोन लावणार.

गुरुराजांनी एक वात खाली ठेवली.

"बरोबरच होतं त्याचं," ते म्हणाले. "घरच्या माणसानं ताट बदललं म्हणजे काय राहिलं?"

त्यांनी दुसरी वात घेतली. तुळसी उठून स्वयंपाकघरात गेली. तिथं बराच वेळ भांडी एकमेकांवर आपटत होती.

गोष्टींनी माणसं सुधारतात असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक गोष्टी सांगणारेच असतात.

अष्टमीला तुळसी हळदीकुंकवाला गोकुलमला गेली. दरवर्षी जायची. रघूत्तमची बायको अंबुजा आणि ती, दोघींनी भांडणात भाग घ्यायला वेळ मिळाला नाही म्हणून येणं-जाणं चालू ठेवलं होतं. अग्रहारातल्या घरात हे कुणालाही माहीत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. यंदा तिच्या कापडी पिशवीत कुंकवाचा स्टीलचा डबा होता, ब्लाउजपीस होता, विड्याची पानं होती आणि मी होतो. रिक्षा खड्ड्यांतून उड्या मारत चालली होती. अर्ध्या वाटेवर डब्याचं झाकण माझ्या तोंडावर बसलं. मला वाटलं, पेटा सरकला. उजव्या बाजूचं जग बंद झालं तेव्हा कळलं.

शिंपल्याचा तुकडा पिशवीच्या तळाशी पानांत कुठंतरी पडला. काँगलला निदान मधमाशी मिळाली. मला कुंकवाचा डबा.

अंबुजाच्या घरी वरच्या पायरीवर आईचा राजा बसला होता. त्याच्याशेजारी राणी म्हणून तंजावरची मान डोलावणारी बाहुली. पंखा लावला की ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणायची. राजा पाच वर्षं तिच्याशेजारी बसून थकलेला दिसत होता.

तुळसीनं कुंकू लावून घेतलं, ओटी भरून घेतली, आणि काही न बोलता मला पिशवीतून काढून अंबुजाच्या मांडीवर ठेवलं. अंबुजानं मला पाहिलं, वर राजाकडे पाहिलं, मग तुळसीकडे.

"स्मृतीसाठी?"

"हं."

"मागितला असतात तर मी कधीच दिला असता, अक्का."

"तुझ्याकडे कशी मागू? तू दिलास तर तुझ्या घरात रोज भांडण."

"कळलं तर भांडण." अंबुजा उठलीसुद्धा. "रिमोट जागेवर नसला तर घर डोक्यावर घेतात. राजा बदललेला कळायचा नाही. पाच वर्षांत एकदा विचारलं नाही, ही मान हलवणारी कोण म्हणून."

दोघींनी आमचे कपडे बदलले. त्याचा जांभळा शेला मला, माझा त्याला. त्याचा पेटा मला, माझा त्याला. राज्य बदलायला एवढंच लागतं. माझा डोळा अंबुजाला दिसला तेव्हा तिनं जीभ चावली. भंगलेली बाहुली पायरीवर ठेवत नाहीत. पण वरची पायरी रिकामी ठेवणंही शक्य नव्हतं, आणि दोनच दिवस राहिले होते. तिनं मला उजवी बाजू भिंतीकडे करून बसवलं. तुळसी तिचा हात हातात घेऊन थोडी थांबली. मग आईचा राजा पिशवीत घालून गेली. माझ्याकडे तिनं वळून पाहिलं नाही. मी राग धरला नाही. आपल्या घरचं माणूस मिळाल्यावर परक्याकडे कोण पाहतं.

मी तंजावरच्या बाईशेजारी बसलो. तिनं हो म्हटलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी आरतीनंतर राजा-राणीला आडवं करतात, म्हणजे बाहुल्या निजल्या. रघूत्तमच्या घरी ते काम घरच्या पुरुषाचं. वर्षातून एकदा तो राजाला हात लावायचा, तोही फोन कानाला असताना. यंदा फोन आला नाही. एवढीच चूक झाली. अंबुजा पुढं झाली, मी करते म्हणाली, पण त्यानं मला उचललं होतं. त्याचा अंगठा माझ्या डोळ्याच्या खाचेत गेला.

तो खाली बसला. फिजिक्सचा माणूस, पडलेली वस्तू का पडते हे मुलांना वीस वर्षं शिकवणारा. त्यानं ती खाच दोनदा चाचपली.

"अंबुजा, आईचा राजा काणा झाला."

"असू दे. लाकूड आहे."

"माझ्या घरात झाला." तो माझ्याकडे पाहत होता. पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी नीट पाहत होतं, तेही मी दुसरा कुणीतरी आहे म्हणून. "अण्णांकडे राहिला असता तर नसता झाला."

अंबुजाला बोलता आलं असतं. पण बोलली असती तर राजा कुठं गेला तेही सांगावं लागलं असतं, आणि मग स्मृतीच्या ओटीत काय पडलं असतं? ती गप्प राहिली. मी तर जन्मापासून गप्पच.

सकाळी आंघोळ करून, मला स्वच्छ टॉवेलात गुंडाळून रघूत्तम अग्रहारात आला. पाच वर्षांनी. गुरुराज दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. भाऊ समोर उभा राहिलेला त्यांना दिसला. त्यांनी पान उलटलं.

"अण्णा."

"पेपर वाचतोय."

"वाचा. मी थांबतो."

तो थांबला. गुरुराजांनी क्रिकेटचं पान वाचलं, बाजारभाव वाचले, शेवटी वधूवर पाहिजेतही वाचलं. मग वाचायला काही उरलं नाही. रघूत्तमनं टॉवेल उघडून मला पेपरावर ठेवलं.

"आईचा राजा माझ्या हातून गेला, अण्णा."

गुरुराजांनी चष्मा पुसला. मला उचलून उजेडात धरलं. पाच वर्षं ह्यांच्याच घरात मी नऊ नऊ दिवस बसलो होतो. ह्यांच्या आरत्या मी ऐकल्या, ह्यांची घामट बनियनं मी पाहिली. आता ओळखतील आणि सगळं उघडं पडेल. दाराच्या आत तुळसी कॉफीचे पेले घेऊन आली होती, ती तिथंच थिजली. मागे स्मृती.

"डोळा," गुरुराज म्हणाले.

"हो."

"कसा गेला?"

"माहीत नाही. माझ्या घरात गेला म्हणजे माझ्यामुळेच."

गुरुराजांनी पाच वर्षं मनात वाक्यं जमवून ठेवली होती. सगळी ताटाबद्दल होती. डोळ्याबद्दल एकही नव्हतं. त्यांनी माझ्या गळ्याचा शेला बाजूला केला.

"आईच्या राजाला दाढी होती?"

तुळसीनं डोळे मिटले.

"होती ना," रघूत्तम म्हणाला. "आई तेल लावायची तिला. नवरात्राच्या आधी."

"हां. खोबऱ्याचं." गुरुराजांचा आवाज बदलला. "बोटानं लावायची. मला आठवतंय."

स्मृतीनं तोंड उघडलं. तुळसीनं तिच्या पायावर पाय ठेवला.

त्या दोघांना मग माझ्याबद्दल बरंच आठवलं. मी एकदा विहिरीत पडलो होतो. एकदा मला घेऊन रघू शाळेत गेला होता आणि मास्तरांनी जप्त केलं होतं. माझं बालपण फार छान गेलं, हे मला त्या सकाळी कळलं. दोघंही रडत होते. गुरुराज पेपरनं डोळे पुसत होते, त्यामुळे गालावर शाई लागली.

"स्मृतीच्या लग्नात जोडी द्यायची होती," रघूत्तम म्हणाला. "मी घेऊनच येणार होतो. तुम्ही बोलावलं असतंत तर. आता काय देणार?"

गुरुराजांनी आत पाहिलं. पायऱ्यांवर राणी निजली होती आणि तिच्याशेजारी, माझ्या कपड्यांत, त्यांच्या आईचा खरा राजा.

"तुझ्या वैनीनं सायबाचा कुठलातरी आणलाय ना, तोच देऊ," ते म्हणाले. "राजा तो राजा. पुण्याच्या माणसांना काय कळतंय."

आता तुळसीची पाळी होती. एक वाक्य बोलली असती तर राजाला त्याचं नाव मिळालं असतं आणि मला माझं. पण त्या वाक्यानंतर हे दोघं पुन्हा उभे राहिले असते, एक म्हणाला असता चोरी, दुसरा म्हणाला असता फसवणूक, आणि जोडी पुन्हा मोजायला घेतली असती. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. गालावर शाई लागलेला, निवृत्त, हट्टी माणूस.

"चालेल," ती म्हणाली. "मला काही म्हणायचं नाही. भावोजी, जेवूनच जा."

जेवण टेबलावर झालं, कारण गुरुराजांचा गुडघा. रघूत्तम त्यांच्याशेजारी टेबलावरच बसला. दोघांना स्टीलच्या थाळ्या होत्या. कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

राहिला प्रश्न माझा. मी आता आईचा राजा होतो. पाच वर्षांत एवढा मान मिळाला नव्हता. पण भंगलेलं घरात ठेवायचं नाही. तेव्हा दोघा भावांनी ठरवलं, पौर्णिमेला कावेरीत सोडायचं. आईलाही तिथंच सोडलं होतं.

पौर्णिमेला सकाळी श्रीरंगपट्टणच्या घाटावर सगळे गेलो. मला नवा शेला, गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला गंध. माझ्या सगळ्या राज्यात इतकं कुणी नटवलं नव्हतं. दोघं गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मग अडलं.

"तू सोड," गुरुराज म्हणाले. "तुझ्याकडे होता."

"तुम्ही थोरले आहात. तुम्हीच सोडा."

"अरे, तुझ्यावर आईचा जास्त जीव होता."

"असं म्हणून तुम्ही नेहमी मला पुढं करता, अण्णा."

आवाज चढू लागले. घाटावरचे भटजी घड्याळ बघू लागले. शेवटी दोघांनी एकदम हात सोडला. पण मी शिवणीचं लाकूड. बुडायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी चार हात गेलो आणि वळून घाटाकडे परत आलो. त्यांनी ढकललं, मी पुन्हा आलो. तिसऱ्या वेळी गुरुराज हात जोडून म्हणाले, "आईला जायचं नाहीये." रघूत्तमही रडायला लागला. मला हसता आलं असतं तर मी तेव्हा हसलो असतो. किंवा नसतोही.

मग तुळसी पदर खोचून पाण्यात उतरली. भावांना बाजूला सारून पुढं गेली, कमरेपर्यंत. मला उचलून तिनं माझं तोंड प्रवाहाकडे केलं. तिथं पाण्याचा आवाज होता, मागचं कुणाला ऐकू आलं नसणार.

"जा, कांगलप्पा," ती म्हणाली. "आमच्यासाठी पुष्कळ केलंस. आता तुझं तू बघ."

माझं नाव. एवढ्या वर्षांत कुणी मला माझ्या नावानं हाक मारली नव्हती. आणि शेवटी तिनं त्याला अप्पा लावलं, घरच्या म्हाताऱ्याला लावतात तसं. तिनं जोरात ढकललं. मी वळलो नाही.

सध्या मी घाटाच्या बराच खाली एका झाडाच्या मुळांत अडकलेलो आहे. शेला गेला, माळ गेली, गंध गेलं. दाढीत शेवाळ आलंय. सकाळी एक खंड्या डोक्यावर येऊन बसतो आणि मासा दिसला की उडतो. पायरी नाही, राणी नाही, पंगत नाही. मी आजवर केलेल्या राज्यांत हे सगळ्यांत बरं चाललं आहे.

कुणी मला पाहिलंत तर बाहेर काढू नका. घरी नेलंत तर धुऊन पुसून वर बसवाल, आणि मला पुन्हा कुणाचा तरी राजा व्हावं लागेल. एक काम मात्र करा. अग्रहारात गेलात तर तुळसीच्या घरी डोकवा. ती एकटी असली तरच सांगा, कांगलप्पा बुडाला नाही, मजेत आहे. गुरुराज घरात असले तर काही बोलू नका. त्यांनी मला नीट पोचवलंय, असं त्यांना वाटतंय. वाटू दे.